सुयशचे डोळे

गारखेड्यातल्या भंगाराच्या दुकानात माल निवडणारी रूपाली चित्रकार वगैरे कधीच नव्हती. शाळेत तिनं काढलेल्या गाईला बाईंनी कुत्रा समजून मार्क दिले होते. पण शेंद्र्यात कारखान्याच्या फाटकासमोर तिनं जमिनीवर आपल्या नवऱ्याचा, धम्मपालचा चेहरा मांडला, तेव्हा येणारे-जाणारे थांबून बघू लागले. जुन्या चपलांचे गाल, जळक्या वायरींचे केस, तेलाच्या कॅनच्या झाकणांचे डोळे. एक डोळा किंचित बारीक. धम्मपालचा तसाच होता, सतत काहीतरी चेष्टा सुचल्यासारखा.

तो याच कारखान्याची टाकी साफ करायला उतरला होता आणि आतल्या वायूनं तिथंच कोसळला होता. त्याला बाहेर काढायला मागोमाग त्याच्याबरोबर कामाला असलेला सुयश उतरला. दोघंही गेले. ठेकेदारानं सरळ कानावर हात ठेवले, "ही माणसं आमची नाहीत. आम्ही यांना कधी पाहिलंच नाही." नव्हतं ना पाहिलं? मग आता बघ म्हणावं रोज! त्याची गाडी त्या चेहऱ्याला वळसा घालून जाऊ लागली.

मग सुयशची आई, लीलाबाई, रूपालीकडं आली.

"माझ्या लेकराचं बी तोंड कर गं बाई. बघू दे त्या मुडद्या ठेकेदाराला."

रूपालीनं धम्मपालच्या शेजारची जागा झाडली, मोबाईलवरचा सुयशचा फोटो समोर ठेवला आणि मन लावून चेहरा मांडला. चित्र वरूनच नीट दिसायचं, म्हणून लीलाबाई समोरच्या अर्धवट बांधकामावर चढली.

"ह्यो माझा सुयश नाय."

रूपालीनं वर जाऊन पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. सुयशच्या तोंडातून धम्मपाल बघत होता. दोघी खाली आल्या. रूपालीनं झाकणं बदलली, पुन्हा मांडली. पुन्हा तोच बारीक डोळा. तिला हे नवं नव्हतं. नवरा गेल्यापासून भंगाराच्या ढिगात कुठंही दोन गोल वस्तू जवळ आल्या, की त्या तिच्याकडं टक लावून बघायच्या. तिला भीती वाटायची, आणि तरी ती नजर भेटावी म्हणूनच ती सगळ्यांच्या आधी कामावर जायची.

"मावशी, हात ऐकंना माझा," ती म्हणाली.

"तुझ्या माणसाला काढाया गेला म्हणून जीव गेला त्याचा," लीलाबाई म्हणाली. "आता तोंड बी तुझ्या माणसाचंच देतीस व्हय त्याला?"

रूपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं सुयशच्या चेहऱ्यावरची ती झाकणं उचलली आणि लांब भिरकावली.

"मावशी, तुम्हीच ठिवा."

म्हातारी चाचपडत जमिनीवर बसली. रूपालीनं आणलेल्या भंगारातून तिनं मोठी दोन झाकणं शोधली. सुयश टपोऱ्या डोळ्यांचा. लेकराला काजळ घालावं तशी एका हातानं त्याची हनुवटी धरून तिनं ती जागेवर बसवली.

"जा. बघ आता."

रूपाली वर गेली. खाली सुयश होता, त्याच्या आईचा, अगदी हुबेहूब. मग भीत भीत तिनं शेजारच्या चेहऱ्याकडं नजर वळवली. तिथं चपला होत्या, वायरी होत्या, दोन झाकणं होती. ती थांबून राहिली. मान वाकडी करून बघितलं, चार पावलं सरकून बघितलं. तिच्याकडं कुणीच बघत नव्हतं.

मयतीला एक टिपूस न काढलेली रूपाली तिथंच सिमेंटवर बसली आणि मोठमोठ्यानं धम्मपालला हाका मारू लागली.