ती गाठ राहू द्या

"मॅडम, लॅबनं घोळ घातलाय," आमच्या सर्जनसाहेबांचा फोन. सोळा वर्षांची पायल. हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं, त्यातच जांघेतली गाठही काढायची. पण गाठ वेगळीच वाटली म्हणून हार्मोन तपासले, तर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांत भरपूर असतो तो हार्मोन, एखाद्या जवान पोराइतका निघाला. सोनोग्राफीत गर्भाशय सापडेना. आणि केसपेपरवर लिहिलेलं, 'पाळी नियमित'.

"म्हणजे मशीन तरी खोटं बोलतंय, नाहीतर माणसं," मी म्हटलं. "गाठीला हात लावू नका. आधी माझ्याकडे, हार्मोनच्या ओपीडीत पाठवा."

मायलेकी नरखेडकडून एसटीनं आल्या. पायल उंच, हसरी, गोड पोरगी. पाळीचं विचारलं तर आईच बोलली, "येते नं मॅडम. दर महिन्याले बाहेर बसते."

त्यांच्या घरी पाळी आली की बायका अजूनही बाजूला बसतात. पायल पंख्याकडे बघत होती. मी आईला चहा प्यायला पाठवलं.

"आता खरं सांग."

"बसते मी बाहेर. पण येत काहीच नाही. शेजारच्या बाया विचारून राहिल्या होत्या, म्हणून आई म्हणे, बस."

"आणि तू बसतेस?"

"मस्त वाटते मॅडम! भांडे नाही, झाडू नाही. मोबाईल पाहत राहते."

मी खो खो हसले. मग त्या माउलीसाठी जीव तुटला. लेकीला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून बिचारी दर महिन्याला हे नाटक करत होती.

क्रोमोसोम तपासले. मुलग्यांत असतात तसे, एक्स-वाय आले. गाठ म्हणजे वृषण होतं. ते टेस्टोस्टेरॉन बनवायचं, पण पायलच्या शरीराला जन्मापासून त्याचा हुकूम समजतच नव्हता. मग शरीर त्याचंच इस्ट्रोजेन करायचं, म्हणजे बायकांचा हार्मोन. तिचं वयात येणं, हाडांची ताकद, सगळं त्या गाठीच्या जिवावर.

"पण पुढे कॅन्सर झाला तर?" सर्जनसाहेब अडले.

"या वयात धोका कमी असतो. आपण तपासत राहू. आज काढली तर हार्मोनच्या गोळ्या मागे लागतील. हर्निया शिवा, गाठ ठेवा. मोठी झाली की ती ठरवेल."

दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. पाळी येणार नाही, पोटात मूल वाढणार नाही, हेही. पायल रडली. आईनं तिला जवळ घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, माही पोरगी पोरगीच आहे नं?"

मी तोंड उघडायच्या आत पायलच बोलली, "काहून वं आई? काल होती तीच आहे नं मी!"

आईनं पदरानं तिचे डोळे पुसले. "मंग काढू नका मॅडम. तिचं आहे, तिच्यापाशीच राहू द्या."

हर्निया शिवला, गाठ राहिली. एखादा अवयव भलत्या जागी दिसला म्हणून लगेच काढायचा नसतो, आधी तो काय काम करतोय ते बघायचं, हे मी तेव्हापासून ज्युनिअरांना सांगत असते.

टाके दाखवायला आल्या तेव्हा आईची मान ताठ होती. "आता नाही बसवत बाहेर. पायलले विचारलं अन् बायांले सांगून टाकलं, नाही येत माह्या पोरीले पाळी. कोणाच्या बापाचं काय जाते?"