मेव्हण्याचा खडू

आमच्या किनाऱ्यावर नवीन आलेली एकही वस्तू माझ्या मेव्हण्याच्या खडूतून सुटलेली नाही. मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा सारा जन्म होड्या बांधण्यात गेला. आमच्याकडे होडी बांधून, फटी बुजवून झाल्या की ती लगेच पाण्यात घालत नाहीत, आधी पाणी तिच्यात घालतात. वाळूवरच आतून भरायची आणि थेंब कुठं येतो ते बाहेरून बघत बसायचं. थेंब दिसला की तिथं खडूची फुली. याचं काम सुटलं, पण खडू काही सुटला नाही. एस्टी स्टँडवर नवं बाकडं आलं तर हा त्यावर दुपारभर झोपला आणि पाठीला जिथं टोचलं तिथं फुली मारून आला. शेजारच्या नव्या सुनेनं पहिल्यांदा कालवण केलं, तर ते चाखून ताटाच्या कडेला फुली. तेव्हा माझ्या बायकोनं त्याच्या डोक्यात टपली मारली. म्हणाली, "मेल्या, तुलाच एकदा पाण्यानं भरून बघायला पायजे." तो तिला बाय म्हणायचा, आणि ऐकायचा ते फक्त तिचं. ती गेली, आणि आता तो कोणाचंच ऐकत नाही.

अशात आमच्या नगरपालिकेनं वेबसाइट काढली आणि फळ्यावर लिहिलं, लोकांनी कचेरीत येऊन वापरून बघावी, अडचणी सांगाव्यात. असलं आवतण याला कोणी आजवर दिलं नव्हतं. सायकल काढून रोज जाऊन बसायला लागला. तिथली क्लार्क बाई म्हणाली, "काका, नुसतं बघायचंय, खोटी माहिती टाका." हा म्हणाला, "खोट्या पाण्यानं गळती कळते व्हय?" आणि खरीच माहिती टाकत गेला. नळ असताना दुसरा नळ मागितला, तर माणूस पाइप घेऊन दारात उभा. गल्लीतल्या मोकाट कुत्र्याचा परवाना काढायला गेला, तर मालक म्हणून याचंच नाव लागलं.

बायकोच्या मृत्यूचा दाखला मला काढायचा होता. घर तिच्या नावावर, दाखल्याशिवाय पुढचं काही होत नव्हतं, आणि मला तो अर्ज भरवत नव्हता. मी याला म्हटलं, तू तिथं बसतोसच, तेवढं उरकून टाक. "व्हय," म्हणाला. दोन दिवसांनी नगरपालिकेचा माणूस चौकशीला याच्याच दारात आला. हा ओट्यावर बोंबील साफ करत बसलेला.

"मयत कुठंय?"

"मीच. बसा, चहा टाकतो."

बहिणीचं नाव त्याला टाकवलं नाही, म्हणून स्वतःचं टाकलं होतं. गल्ली हसून लोळली. मी मात्र संतापलो. "लाज न्हाय वाटत? मरणाची थट्टा करतोस?" तर मान खाली घालून म्हणाला, "भावोजी, थोडं थांबा. अजून गळतंय." मला वाटलं, बहीण गेली आणि याचं डोकंही गेलं.

शेवटी मीच गेलो. बाईनं विचारलं तसं एकेक सांगत गेलो. नाव दोनदा सांगावं लागलं. तिनं शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, 'अर्ज मिळाला.' बास, एवढंच. पण त्या अक्षरांच्या खाली काचेवर खडूची पुसट फुली दिसत होती.

"हे काय?"

"तुमच्या मेव्हण्यांचं काम," बाई म्हणाली. "आधी इथं 'अभिनंदन!' यायचं. जन्म, लग्न, मृत्यू, सगळ्यांना एकच. स्वतःच्या मयताचं अभिनंदन वाचून आधी पोट धरून हसले. मग परत एकदा वाचलं. खिशातून खडू काढला न् फुली मारली. मग रोज साहेबांच्या समोर बसायचे. म्हणायचे, माझा भावोजी येणार हाय, त्याच्या आधी हे काढा. काढलं तेव्हाच उठले. फुली पुसायला मात्र माझा हात धजत नाही."

बाहेर आलो तर हा कठड्यावर बसलेला, सायकल अंगाला टेकवून. माझ्याकडे न बघता विचारलं, "गळलं काय कुठं?"

"न्हाय," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. खिशातला खडू चाचपत म्हणाला, "बाय असती तर माझ्या मयताला लय हसली असती."

"हसली असती," मी म्हटलं. मग मीही त्याच्या शेजारी टेकलो आणि आम्ही दोघं दाराकडं बघत राहिलो, जणू ती आत कचेरीत कुठं अडकलीय आणि आता हसत हसत बाहेर येणार आहे.