कार्मेलीनबायचं न सापडलेलं पाप

फोन आला तेव्हा माझी पुतणी दर्शना चहात बेकरीतलं कडक बटर बुडवत होती. पलीकडून कोणीतरी सांगितलं, कार्मेलीनबाय गेली. आता कुठलंही सरळ माणूस अशा वेळी देवाचं नाव घेईल, रडेल, निदान कप तरी खाली ठेवेल. आमची दर्शना म्हणाली, "पूर्ण नाव सांगा." पलीकडच्याने सांगितलं. "जन्मतारीख?" पलीकडे कार्मेलीनबायचा सख्खा भाऊ होता, आणि बहिणीची जन्मतारीख त्याला त्या घडीला काही केल्या आठवेना. मग दर्शनाचं बटर कपात विरघळून गेलं. रोग्याची ओळख दोन खुणांनी पटल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि खाटेचा नंबर ही काही ओळख नव्हे, हे जिने शिकवलं तिच्याच मरणाची ती ओळख पटवत होती.

खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसला नाही. मी उठून तिच्या घरी गेलो, ती खाटेवर निजलेली बघितली, हातात जपमाळ गुंडाळलेली बघितली, तरी मनात आलं की ही बाई एक डोळा किलकिला करून बघत असेल, कोण खरं रडतं आणि कोण नाही. आमचं इन्सुली म्हणजे गोव्याच्या वाटेवरचं गाव, आणि गावाला नाका. गाडी थांबवायची, आत डोकवायचं, डिकी उघडायला लावायची, हे जन्मापासून बघणाऱ्या माणसांच्या रक्तातच संशय उतरतो. पाहुणा पिशवी घेऊन आला तर तो पायरी चढायच्या आत पिशवीत काय असेल याच्यावर शेजारच्या घरात भांडण झालेलं असतं. पण कार्मेलीनबायपुढे आमचा नाका म्हणजे बालवाडी. तिने डोळे रोखले की थर्मामीटरचा पारा आपणहून खाली यायचा, असं मी पुष्कळांना सांगितलंय, आणि पुष्कळांना ते पटलंय.

आधी मुंबईला, मग आखातात, आयुष्यभर तिने नर्सची नोकरी केली आणि निवृत्त होऊन गावी आली. लग्न का केलं नाहीस म्हणून विचारलं तर म्हणायची, "जो जो इलो, त्याची नीट चौकशी केलंय. थंयच सगळा रवला." मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. गावात सगळे मला बापू म्हणतात आणि माझ्या गोष्टी ऐकून घेतात. आंबोलीच्या घाटात एका धुक्याच्या दिवशी माझ्या गाडीत बिबट्या चढला आणि मी त्याला हाफ तिकीट फाडलं, ही गोष्ट मी तालुकाभर सांगितली. लोक हसले, कोणी डोळे विस्फारले. कार्मेलीनबायने मात्र चष्मा पुसला आणि विचारलं, "हाफ कित्याक? वय विचारलंस?" इतक्या वर्षांत मला एवढा सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिथून आमची दोस्ती.

दर्शना नर्सिंग शिकली, सावंतवाडीत एका खाजगी दवाखान्यात नोकरीलाही लागली. मग आखातातल्या एका हॉस्पिटलने तिला जागा दिली, पण अट अशी की तिकडची लायसनची परीक्षा पास व्हायला हवी. परीक्षा कॉम्प्युटरवर. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, आणि चारही अशी सज्जन दिसणारी की कोणावर आळ घ्यावा कळत नाही. पहिल्या खेपेला ती नापास झाली. एजंटाने सांगितलं, आणखी एक संधी, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. पोरीने घरात बोलणं सोडलं. माशाला मीठ लावता लावता मध्येच थांबून भिंतीकडे बघत बसायची. अशात कार्मेलीनबायचा निरोप आला, "पोरीक संध्याकाळची धाड."

फुकट शिकवणार म्हटल्यावर आमच्या घरात साहजिकच पहिला प्रश्न उठला, का? माझ्या भावाला वाटलं एजंटाशी हिचं साटंलोटं असणार. वहिनीला वाटलं म्हातारपणी कोणीतरी धुणीभांडी करायला हवी असेल. मला काहीच वाटलं नव्हतं, पण मागे राहायचं कसं, म्हणून मी म्हटलं की मी बरोबर जातो आणि पाळत ठेवतो. गेलो. तिच्या घराच्या पुढच्या सोप्यावर दर्शना आणि तिच्या दोन मैत्रिणी सतरंजीवर बसलेल्या. बायने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, ओळखलं की हेर आलाय, आणि म्हणाली, "बरा झाला इलंस. माका एक फटी मारणारो रोगी होयोच होतो." फटी म्हणजे थापा. त्या दिवसापासून तिच्या बाकड्यावर मी रोज आजारी पडायचो.

तिचं शिकवणं असं होतं. मी रोगी. तोंडाला येईल ते सांगायचं... दारू शिवत नाही, गोळ्या वेळेवर घेतो, पाय कालपासूनच सुजलाय. पोरींनी उलटसुलट विचारून मला उघडा पाडायचा. ते झालं की मग उजळणी. पोटॅशियम शिरेतून एकदम कधी ढकलायचं नाही. डिगॉक्सिन देण्याआधी छातीला नळी लावून ठोके मोजायचे. इन्सुलिन भरताना आधी स्वच्छ औषध, मग गढूळ. आणि या सगळ्या खऱ्यात कार्मेलीनबाय रोज एक खोटी गोष्ट घालायची, अगदी त्याच आवाजात, त्याच चेहऱ्याने. शेवटी पुस्तक मिटून विचारायची, "आता सांगा, आज माझा पाप खंयचा?" एखादी म्हणायची, हेपारीनवर उतारा व्हिटॅमिन के सांगितलात, तो वॉरफरिनचा, हेपारीनला प्रोटामिन. मग बाय कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूस काढायची आणि पकडणारीला गूळ-नारळाच्या दोदोलची जाड वडी द्यायची. स्वतः खायची नाही, तिला साखरेचा आजार. आणि कोणाला सापडलं नाही तर ती स्वतः कबुली द्यायची. पाप अंगणाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा तिचा नेम. चुकीचं औषध डोक्यात घेऊन पोरगी घरी गेली, तर उद्या तेच कोणाच्या तरी शिरेत जाईल, म्हणायची. रविवारी चर्चमध्ये ही पाद्रीबाबाला नेमकं काय सांगत असेल, याचा मला फार संशय होता. बिचाऱ्याला एव्हाना सगळी औषधं पाठ झाली असतील.

या शिकवणीचा परिणाम आमच्या घरावर असा झाला की दर्शना कोणाचंच ऐकेना. वहिनी म्हणाली भात शिजला, तर ती शीत दाबून बघायची. भाऊ म्हणाला आज अमावस्या, तर कॅलेंडर उघडायची. दूधवाल्याने तर आमच्या घरासमोर सायकल हळू करणंच सोडलं. पण पोरगी बोलायला लागली होती, हसायलाही. आता तिला चार उत्तरांची भीती वाटत नव्हती. नाक्यावरच्या पोलिसासारखी ती चौघांचीही डिकी उघडायची.

परीक्षा जवळ आली होती, तेव्हाची शेवटची संध्याकाळ. विषय हृदयाचा. माझ्या अंगातला रोगी त्या दिवशी लवकर संपवून बायने उजळणी घेतली. झटका आला की प्रत्येकाच्या छातीत कळ येतेच असं नाही, बायकांत, आणि त्यातून साखरेचा आजार असलेल्यांत, चिन्हं वेगळी असू शकतात, वगैरे. पोरी भराभर वाचत होत्या, खुणा करत होत्या. मग पुस्तक मिटलं, नेहमीचा प्रश्न झाला, आणि तिघींपैकी कोणालाच पाप सापडेना. बाय म्हणाली, "रवांदे. उद्या सांगतंय." पोरी चपला घालून निघाल्यासुद्धा. नेम मोडला हे तेव्हा आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो फोन आला.

माती झाली, सातव्या दिवसाची प्रार्थना झाली. आणि दर्शनाच्या डोक्यात किडा शिरला. त्या संध्याकाळच्या उजळणीत एक गोष्ट खोटी आहे, आणि ती कुठली हे सांगणारी गेली. परीक्षा हृदयावर विचारणार हे नक्की. तिने जाडं पुस्तक काढून एकेक वाक्य ताडून बघितलं. सगळी खरी निघाली. मग पुस्तकाचाच संशय आला, म्हणून सावंतवाडीहून मैत्रिणीचं दुसरं आणलं. तरी सगळी खरी. मैत्रिणींना विचारलं, त्यांच्याशी भांडली. शेवटी माझ्यासमोर येऊन बसली. आधी विचारलं की मी रोगी म्हणून जे सांगितलं त्यात तर नव्हतं ना. मी म्हटलं, माझं सगळंच खोटं असतं, त्यात एक कसं सापडणार. ती हसली नाही.

"काका," ती म्हणाली, "आंटीन पाप कधी अंगणाभायर जावक दिल्यान नाय. त्या दिवशी दिल्यान. म्हणजे ता रोग्याक बाधणारा नव्हता. पुस्तकातला नव्हताच." थोडा वेळ ती नखाने सतरंजी कोरत राहिली. "पुस्तक सोडून ती काय काय बोलली? वाढवू नका. जसा झाला तसा सांगा."

मी कंडक्टर. कोण कुठल्या स्टॉपला चढलं, कोणाच्या मांडीवर कोंबडी होती, सगळं मला आठवतं. सांगताना ते वाढतं, एवढंच. त्या दिवशी नाही वाढवलं. सांगितलं की पोरी पुस्तकात मान घालून बसल्या होत्या तेव्हा बाय पुन्हापुन्हा ओढणीने कपाळ पुसत होती, आणि वर पंखा चालू होता. उठताना तिने बाकड्याला धरलं. डावा गाल दाबून बोलत होती, मला वाटलं दाढ असेल. मी विचारलं, बाय, बरं नाही का? म्हणाली, "काय नाय रे. दुपारचो बांगडो जळजळता." मी म्हटलं, बांगडा जिवंत होता काय? ती हसली... आणि विषय संपला.

दर्शनाने डोळे मिटले. "ह्याच पाप," ती म्हणाली. "घाम, गालातली कळ, जळजळ... झटक्याचीच चिन्हां. मी थंय बसलेलंय, काका. उत्तर वाचीत होतंय. जिका समोरचा माणूस दिसना नाय, तिना लायसन घेवन काय करूचा?" आणि आत जाऊन तिने हॉल तिकीट आईच्या हातात दिलं, चुलीत घाल म्हणाली. वहिनीने ते पदराखाली घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. तुझ्या गोष्टींचा कधी उपयोग झाला असेल नसेल, आता कर, असं ते बघणं.

माझ्याकडे गोष्ट नव्हती. मी दाराबाहेर बसूनच तिला म्हटलं, "गो, ह्या धंद्यात तुझ्यापेक्षा माका जास्त कळता. आयुष्यभर फटी मारलंय. बिबट्याची फट माणूस पकडून घेवक मारता. ज्या माणसाक लपवचा असता, तो बांगड्याची मारता. ती धरूक आमच्या गावचो नाको पण पुरणा नाय. आणि तिना आयुष्यभर रोग्यांच्या फटी धरल्यान, तिका कशी मारूची ता म्हायत नसतला?" हॉल तिकीट चुलीत गेलं नाही एवढं खरं.

कार्मेलीनबायला ठाऊक होतं का? मला संशय आहे की होतं. परीक्षा तोंडावर, ती दवाखान्यात गेली असती तर पोरींची उजळणी मोडली असती, सगळ्या तिच्या खाटेभोवती बसल्या असत्या. म्हणून तिने एक रात्र उधार घेतली, असं मला वाटतं. की आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाड्या बघणाऱ्या बाईला आपली नाडी ही कधी बघण्यासारखी गोष्ट वाटलीच नाही... हेही असेल. तिचा भाऊ म्हणतो, तिला खरंच बांगडा बाधायचा. मी त्याला अजून आडवंतिडवं विचारतोय, आणि तो दर वेळी वेगळं सांगतो. पुरावा कसलाच नाही.

दर्शनाने परीक्षा दिली. गोव्याला मीच नेली होती, आणि जाताना-येताना तोंडातून अवाक्षर काढलं नाही, यावर गावात अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. ती पास झाली. पुढल्या महिन्यात जाईल. मैत्रिणींच्या परीक्षा अजून व्हायच्यात, म्हणून बायच्या भावाकडून तिच्या घराची किल्ली घेऊन संध्याकाळी दर्शनाच उजळणी घेते. मी बाकड्यावर रोगी असतोच. परवा मी तिला पोटदुखीची अशी झकास कहाणी सांगत होतो की दोन्ही पोरी लिहायच्या थांबल्या. दर्शना ऐकत होती की नाही कोण जाणे. तिने माझं मनगट कधी धरलं मला कळलंसुद्धा नाही, आणि मी बोलत होतो तेवढा सगळा वेळ ती माझ्या तोंडाकडे नाही, कपाळाकडे बघत होती.