भानुदासची गवळण आणि तिसरं सॉफ्टवेअर

मित्रांनो, स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर घ्यायचंय? मग माझं आजचं परीक्षण ऐका. पेटी आणि कॉम्प्युटर दोन्ही मी स्वतःच शिकलोय, आणि अंदाजपंचे काम मला चालत नाही.

माझा चुलतभाऊ भानुदास उद्या टोळीबरोबर ऊसतोडीला निघतोय. त्याने चाल लावलेली गवळण आमच्या भजनी मंडळात दुसऱ्या कुणालाच नीट येत नाही. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, दोन मात्रा आधी ती उचलावी लागते. मंडळी समेवरच उचलतात, मग पखवाज एकीकडे आणि गाणं दुसरीकडे!

म्हणून तो जायच्या आत ती लिहून घ्यायला घरच्या कॉम्प्युटरवर दोन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. दोन्हींत मला ही आधीची उचल लिहिणं जमलंच नाही, तीही समेवरच उचलायची. तिसऱ्यात मात्र सुरुवातीला समेआधी दोनच मात्रा ठेवता आल्या, स्वरांखाली सा रे ग म लिहिता आलं. फुकटचं असून काय नेटकं काम!

भानुदासला ऐकवलं. समेवर त्याची टाळी आपोआप पडली.

"दादा, लई ब्येस! मला वाटलं, मी येईस्तोवर माझ्या गवळणीची वाट लावताल तुमी."

आता ती छापून पेटीवर ठेवलीय. तुमच्या गावातली कोणती चाल अजून एकाच माणसाच्या गळ्यात आहे?