सम्मेदकाकांचं तिरकं शेत

माझी आई आक्काताई अंगणवाडीत मदतनीस आहे. लग्नाआधी दहावीला गणितात आपटली होती. यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून माझ्याबरोबरच पुन्हा बसलीय. हट्टी अशी, की माझा गृहपाठ तीही सोडवते आणि मला पान झाकायला लावते.

परवा सरांनी एखादं शेत मोजून क्षेत्रफळ काढायला सांगितलं. आमचं शेत काटकोनी, त्यात काय डोकं लावायचं? म्हणून बांधापलीकडचं सम्मेदकाकांचं, पप्पांच्या धाकट्या भावाचं घेतलं, ओढ्याकडं तिरकं गेलेलं. टेपनं चारही बाजू मोजल्या, कर्ण मोजला. आईनं गावात सगळे करतात तेच केलं. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार. तेहेतीस गुंठे. मी कर्णानं दोन त्रिकोण पाडून हेरॉनचं सूत्र लावलं. माझे आले साडेसव्वीस.

"तुझं चुकलंय, ब्राह्मी," आई मला म्हणाली.

मला रागच आला. खराट्याच्या चार काड्या टोकांना दोऱ्यानं बांधून मी चौकोन केला आणि तिच्यासमोर तिरका दाबला. बाजू तेवढ्याच राहिल्या, आतली जागा आक्रसली. आईनं स्वतः दोनदा दाबून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

कारण पप्पांची आणि काकांची वाटणी याच हिशेबानं झालेली, तेहेतीस-तेहेतीस. वाटे पप्पांनी पाडले, म्हणून रीतीप्रमाणं पहिली उचल धाकट्याची. विहीर जवळ पडते म्हणून काकांनी तिरकं उचललं. थोरल्या भावाच्या मोजणीवर टेप धरायचं त्यांच्या मनातही आलं नसणार.

दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून पप्पा पाटावर येऊन बसले. आईनं ताट वाढलं.

"आवं, भाऊजींचं शेत साडेसव्वीसच भरतंय."

कसं मोजलं, कुणी मोजलं, पप्पांनी काही विचारलं नाही. "सम्मेदला सांगितलंस?"

आईनं हातातली भाकरी टोपलीत परत ठेवली.

"म्हंजी तुमाला ठावं हुतं."

"त्यानंच उचललं की. मी काय हात धरला हुता त्याचा? गृहपाठाला दुसऱ्या कुणाचं तरी शेत घाला."

आईनं गप्प बसावं असं मला वाटत होतं, खोटं कशाला सांगू. काका रोज आमच्याकडं चहाला येतात. हे कळल्यावर ते उंबऱ्याच्या आत पाऊल टाकतील का?

आईनं पदराला हात पुसले आणि फोन लावला.

"भाऊजी, सकाळी बांधावर या. वाटणीच्या मोजणीत चूक झालीया, तुमाला कमी आलंय. व्हय, परत मोजायचं. ह्यांनीच बोलवलंय तुमाला."

फोन ठेवून ती पप्पांकडं वळली.

"चूक म्हणून सांगितलंय मी. खरं काय ते सकाळी तुमी सांगा."