दोन गंधारांच्या मधला सूर

क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवलेल्या वेताच्या ओल्या पट्टीचा, रीडचा वास आला की मला पिंपरीतली लष्कराने सोडलेली ती बराक आठवते. पन्नासच्या दशकात कारखान्यातली शिफ्ट सुटल्यावर मी तिथे एका गोवेकर मास्तरांकडे क्लॅरिनेटवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं, शिकत असे. आधी मी पेटी वाजवायचो, म्हणून ते म्हणायचे, "मॅन, तुझी पेटी विसर. कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असू दे, तू कोमल आणि शुद्धच्या मधला लाव." एका संध्याकाळी एकटाच सराव करताना तो सूर लागला, आणि भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला, "रडू नगं सोन्या, हाय मी हितं." शेजारच्या वस्तीतल्या त्या बाईचं तान्हं बाळ नुकतंच गेलं होतं. सूर निसटेल या भीतीने मी बाहेर गेलो नाही, वाजवतच राहिलो. मग ती रोज त्या भिंतीशी येऊ लागली. वस्ती तिला वेडी म्हणू लागली, तेव्हा मी वाद्य घेऊन तिच्या दारात गेलो. "वहिनी, ते बाळ नव्हतं, हे होतं," म्हणत तो सूर वाजवला. ती हसली. "ह्ये न्हाई भाऊ. ह्ये तर तुमचं वाजवनं. तुमी थांबला, की मंग त्यो रडतो." तिला वेडी ठरवून माहेरी धाडलं, तेव्हा मी चारचौघांत काहीच बोललो नाही. आज लिहून ठेवतो, की तिला त्या भिंतीशी माझ्या सुराने आणलं. पुढचं, त्या रडण्याचं खरं-खोटं मला माहीत नाही. वाजवणं थांबवून कान देण्याची हिंमत मला झाली नाही.