गंगाची सोंगटी

कारापूरच्या गंगानं वीस वर्षं कारखान्यात काजूबिया फोडल्या. टरफलाच्या तेलानं बोटांची कातडी जळून अशी टणक झाली, की मोबाइल तिचा स्पर्श ओळखेचना. लुडो खेळताना लेक सेजल म्हणे, "सांग गो आई, मी दाबते."

"दुसऱ्याच्या हातानं कसला खेळ?"

शेवटी सेजलनं तोच खेळ कंप्युटरवर घातला. माउसचं बटण कसल्याही बोटानं दबतं. आठवडाभरात गंगानं त्यावर हात बसवला आणि मोबाइलवर खेळणाऱ्या सेजलला आव्हान दिलं.

आईची सोंगटी घराजवळ आली. सेजलला ती मारण्याजोगं दान पडलं, तरी तिनं मुद्दाम दुसरीच सोंगटी हलवली.

"डाव नव्यानं मांड," गंगा कडाडली. "आणि आता मार. बोटं जळलीत माझी, डोळे नाहीत!"